विहिरीवरचा पंप सारखा पाणी सोडतो: दोष शोधायचा कुठून?

मोटर फिरतेय, आवाज नेहमीचाच आहे, पण टाकीत पाण्याचा थेंब नाही. पंपाचा वरचा प्लग उघडून पाणी ओतलं की पंप धरतो, टाकी भरते, सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. उथळ विहीर आणि काठावर बसवलेला पंप ज्यांच्या घरी आहे त्यांना हे नवीन नाही. यावर बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर रोज पाणी भरत राहतात, नाहीतर कंटाळून पंप उचलून मेकॅनिककडे टाकतात. तिकडून तो नव्या बेअरिंगसह, रंग लावून परत येतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कोरडा पडतो.

कारण या दुखण्यात दोष मोटरीत क्वचितच असतो. तो असतो पंप आणि विहिरीतलं पाणी यांच्या मधल्या भागात, म्हणजे विहिरीतून पंपाकडे येणारा सक्शन पाइप, त्याचे सांधे आणि तळाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) यांत. आणि तिथेही नेमका कुठे, याचा सगळ्यात चांगला पुरावा फुकट मिळतो: पंप पाणी कधी सोडतो, म्हणजे आत भरलेलं पाणी गमावून कोरडा कधी पडतो, ते बघायचं. बंद असताना, की चालता चालता? वर्षभर, की विहिरीचं पाणी खाली गेल्यावरच? लक्षण एकच दिसलं तरी ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत पान्ह्याला हात न लावलेला बरा.

आधी उंची मोजा

पंप पाणी वर खेचतो असं आपण म्हणतो, पण काम बाहेरची हवा करते. इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) फिरला की त्याच्या मध्याशी दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली हवा त्या पाण्याला पाइपात वर चढवते. हवेची ही ताकद मर्यादित आहे. समुद्रसपाटीला ती पाण्याचा जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलते, त्यापुढे नाही. चोषण पंप ठरावीक खोलीपलीकडे पाणी देत नाही हे गॅलिलिओने १६३८ मध्ये नोंदवलं होतं, आणि त्याचं कारण हवेच्या वजनात आहे हे तोरिचेल्लीने १६४४ मध्ये मांडलं. मोटर कितीही हॉर्सपॉवरची घ्या, ही मर्यादा हलत नाही. जास्त ताकदीचा पंप घेऊन खोलीचा प्रश्न सोडवायला निघालेल्यांची संख्या तरीही कमी होत नाही.

प्रत्यक्षात १०.३ मीटरही मिळत नाहीत. पाइपातलं घर्षण, बेंड, फूटव्हॉल्व्हची जाळी आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाता साधारण ७ ते ७.५ मीटर, म्हणजे २३ ते २५ फूट हाताशी राहतात. डोंगराळ भागात हवा विरळ असल्यामुळे हजार मीटर उंचीवर यातलेही १.२ मीटरच्या आसपास कमी होतात.

मोजायचं कसं? दोरीला वजन बांधून विहिरीत सोडा आणि पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं उभं अंतर घ्या. विहिरीची खोली मोजू नका, तिचा इथे संबंध नाही. पंप विहिरीपासून लांब असेल तर आडवं अंतर या उंचीत धरायचं नसतं, पण त्या पाइपातलं घर्षण मात्र मोजावं लागतं. आणि मोजणी दोनदा करायची: एकदा पंप सुरू करण्याआधी आणि एकदा तो बराच वेळ चालल्यावर. उपसा सुरू झाला की पातळी उतरते, आणि पंपाला तीच उतरलेली पातळी झेपायला हवी. दुसरं माप ७ मीटरच्या वर गेलं तर पुढची तपासणी करण्यात फारसा अर्थ नाही. मग पंप विहिरीच्या आत पक्क्या ओट्यावर खाली घ्यायचा, नाहीतर दोन पाइपांचा जेट पंप (एका पाइपातून पाणी खाली सोडून त्याच्या जोराने दुसऱ्यातून वर चढवणारा) किंवा पाण्यात बुडणारा पंप बसवायचा.

बंद असताना पाणी उतरतं

संध्याकाळी पंप व्यवस्थित चालला, सकाळी सुरू केला तर कोरडा. इथे पहिला संशयित फूटव्हॉल्व्ह. त्याची झडप पाण्याला आत येऊ देते आणि परत जाऊ देत नाही. काटकी, वाळूचा खडा, गोगलगाईचं कवच, असं काहीही झडपेखाली अडकलं की ती पूर्ण बसत नाही आणि रात्रभरात पाइप रिकामा होतो. रबरी वायसर कडक झाला किंवा त्यावर वाळूने चरे पडले तरी परिणाम तोच.

पण फूटव्हॉल्व्ह बदलण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. ती घेतली नाही म्हणून चांगले फूटव्हॉल्व्ह फेकून दिले जातात. विजेचा मेन बंद करा, पंपाचा प्लग उघडा आणि पाणी काठोकाठ भरा. आता नुसतं बघत राहा. पातळी जागची हललीच नाही तर फूटव्हॉल्व्ह आणि उभा पाइप दोन्ही शाबूत आहेत. पातळी उतरली तर ती कुठे जाऊन थांबते हे शोधायचं. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत उतरली, तर दोष फूटव्हॉल्व्हचा किंवा पाण्याखालच्या सांध्याचा. पण अधेमधेच थांबली, तर त्या उंचीवर पाइपाला चीर किंवा भोक आहे. चिरेच्या वरचं पाणी गळून जातं, खालचं तसंच राहतं. म्हणजे दोष कुठे आहे हे पाणीच बोट दाखवून सांगतं.

ही पातळी मापायला उभ्या पाइपात वरून दोरा सोडता आला पाहिजे. म्हणून उभ्या पाइपाच्या डोक्यावर बेंडऐवजी टी बसवून तिचं वरचं तोंड प्लगने बंद केलेलं मला जास्त पसंत आहे. एक सांधा वाढतो हे खरं, पण पाणी भरायलाही तीच जागा सोयीची पडते.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे, पण ती सगळीकडे चालत नाही. डिलिव्हरी पाइप उंचावरच्या टाकीकडे जात असेल आणि त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) नसेल, तर पंप बंद केल्याक्षणी त्या उभ्या पाइपातल्या पाण्याचा सगळा दाब मागे येऊन सक्शनच्या सांध्यांवर बसतो. जो सांधा पंप चालू असताना गुपचूप हवा आत घेतो, तोच आता पाणी बाहेर टाकतो. पंप बंद करा, सक्शनकडचे सगळे सांधे फडक्याने कोरडे पुसा, प्रत्येकाखाली कागद ठेवा आणि थोड्या वेळाने बघा. ओला कागद म्हणजे गुन्हेगार सापडला. डिलिव्हरीवर नॉन-रिटर्न असेल तर हा दाब मागे येतच नाही, त्यामुळे कोरडा कागद पाहून सांधे चांगले आहेत असं समजू नका.

याच नॉन-रिटर्नवरून वाद घालणारे बरेच भेटतात. फूटव्हॉल्व्ह गळतोय, विहिरीतून काढायचा कंटाळा, म्हणून पंपाजवळ एक नॉन-रिटर्न टाकला आणि दुखणं गेलं, असं सांगतात. यात तथ्य आहे. वरून हवा शिरायला जागाच नसेल तर खालची झडप थोडी गळत असली तरी पाण्याचा स्तंभ लटकून राहतो. पण त्यासाठी सक्शनचा प्रत्येक सांधा शंभर टक्के हवाबंद हवा, आणि तो तसा फार काळ राहत नाही. शिवाय नॉन-रिटर्न सक्शनवरच बसवला तर त्याचा अडथळा पंपाला कायम सोसावा लागतो, आणि उंची आधीच काठावर असेल तर तेवढाही नडतो. तात्पुरता उपाय म्हणून ठीक. डिलिव्हरीच्या बाजूला मात्र नॉन-रिटर्न असावाच, कारण पंप बंद होताना टाकीकडच्या पाण्याचा दणका तो अडवतो आणि फूटव्हॉल्व्हची झडप जास्त टिकते.

फूटव्हॉल्व्ह काढायचा तर पाइप वर ओढून काढा, माणूस खाली उतरवू नका. यात हयगय नको. वापरात नसलेल्या किंवा झाकलेल्या विहिरीत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. कोणी विहिरीच्या आत डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन चालवलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी युक्ती त्याच्यापुढे कुचकामी आहे, कारण ज्योत जळत राहते आणि माणूस पडतो. अशा अपघातांत पहिल्याला वाचवायला धावत उतरलेला दुसराही जातो. उतरणं टळतच नसेल तर ते काम हवा मोजायचं यंत्र, ताज्या हवेची सोय, कमरेचा पट्टा आणि वर दोर धरणारी माणसं असलेल्यांचंच.

बाहेर काढलेला फूटव्हॉल्व्ह उभा धरून वरच्या तोंडातून पाणी ओता. पाणी थांबलं तर ठीक, पाझरलं तर झडप साफ करून पुन्हा बघा. नवा आणलात तरी बसवण्याआधी ही परीक्षा घ्या. नवे असूनही गळणारे फूटव्हॉल्व्ह मिळतात. बसवताना तो उभाच राहील असं बघा, कारण साध्या झडपेचा फूटव्हॉल्व्ह तिरपा पडला तर नीट मिटत नाही. तळापासून निदान अर्धा मीटर वर ठेवा म्हणजे गाळ ओढला जाणार नाही.

चालता चालता पाणी तुटतं

पंप सुरू होतो, पाणी छान येतं, आणि मग धार बारीक होत होत थांबते किंवा एकदम तुटते. इथे फूटव्हॉल्व्हच्या मागे लागू नका. शक्यता तीन आहेत: पातळी खाली गेली, कुठून तरी हवा शिरतेय, किंवा फूटव्हॉल्व्हच्या डोक्यावर पाणी कमी उरल्यामुळे भोवरा होऊन त्यातून हवा ओढली जातेय.

पाणी तुटलं त्या क्षणी वजनाची दोरी विहिरीत सोडा. पाणी फूटव्हॉल्व्हच्या जवळ पोचलेलं दिसलं तर विहिरीचा झरा पंपाच्या भुकेला पुरत नाही, एवढाच अर्थ. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पंपाचा उपसा कमी करा. सक्शनकडे व्हॉल्व्ह असला तरी तो कधीही आवळायचा नाही, त्याने पंपाची उपासमार होते आणि इम्पेलर खराब होतो. पाणी संपताच मोटर बंद करणारा फ्लोट स्विच किंवा कोरडं चालण्यापासून वाचवणारं यंत्रही बसवून घ्या, कारण कोरडा चालणारा पंप काही मिनिटांत फिरत्या दांड्यापाशी पाणी अडवणारं मेकॅनिकल सील जाळतो.

भोवरा ओळखणं अवघड नाही. पाइपाभोवती पाणी गरगरताना दिसतं आणि अधूनमधून गुळगुळ आवाज येतो. फूटव्हॉल्व्ह पाण्याखाली निदान अर्धा मीटर असला की हा त्रास सहसा होत नाही. तो आणखी खाली घेता येत नसेल तर पाइपाजवळ पाण्यावर एक लाकडी फळी तरंगत सोडा, भोवरा मोडतो. कामचलाऊ दिसतं, पण चालतं.

उरली हवा. हा खरा चोर, आणि याच्याइतका वेळ खाणारा दोष दुसरा नाही. डिलिव्हरीच्या तोंडाखाली बादली धरा. पाणी दुधाळ दिसतंय, बुडबुडे येतायत, पाइप मधूनच खोकल्यासारखा करतोय, तर सक्शनमध्ये हवा शिरतेय. पाणी बाहेर कुठेच गळत नाही म्हणून सांधे चांगले आहेत, हा गैरसमज इथे माणसाला फिरवत ठेवतो. पंप चालू असताना सक्शनमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे फट असली तरी पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्याच कारणाने साबणाच्या पातळ पाण्याचे बुडबुडेही फुगणार नाहीत. त्याऐवजी दाट फेस, दाढीचा असला तरी चालेल, सांध्यावर थापा आणि पंप चालू ठेवून निरखा. फटीपाशी फेसाला खळी पडते. नाहीतर तांब्याने एकेका सांध्यावर संथ धार धरा. ज्या सांध्यावर धार पडताच बुडबुडे थांबले किंवा पंपाचा सूर बदलला, तोच तो. पाणी ओतताना मोटरीवर शिंतोडे उडणार नाहीत याची काळजी घ्या, आणि हा प्रयोग अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्विच असल्याशिवाय करू नका.

फटी बहुतेक वेळा ठरलेल्या जागी सापडतात. युनियनमधली (पाइपाच्या सोडता येणाऱ्या जोडातली) रबरी रिंग. पाणी भरायच्या प्लगचं वायसर, जे रोज उघडून उघडून चेपलेलं असतं. म्हणजे पाणी सुटतं म्हणून प्लग उघडायचा आणि प्लग उघडून उघडून पाणी सुटायचं, असं चक्र बनतं. केसिंगच्या (पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या) तळाचा पाणी काढायचा प्लग, ज्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि लोखंडी निपलवर प्लास्टिकचा सांधा आवळलेला असेल ती जागा. उन्हात पीव्हीसी लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त पसरतं, रात्री आकसतं, आणि आटे हळूहळू सैल होतात. असा सांधा दुपारी गळतो आणि सकाळी शहाण्यासारखा वागतो.

सांधा सापडला की वरून एपॉक्सी थापायचा मोह आवरा. तो थर महिनाभर टिकतो आणि मग फट कुठे होती हेही कळेनासं होतं. सांधा सोडा, आटे ब्रशने साफ करा, कोरडे करा, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा आणि मग आवळा. टेप उलट्या दिशेने गुंडाळली तर आवळतानाच ती गोळा होऊन बाहेर येते. चिकटवलेल्या सांध्याला चीर असेल तर तो तुकडा कापून नवा कपलर घाला. ओल्या पाइपावर सॉल्व्हंट सिमेंट धरत नाही.

पाइप निर्दोष निघाला आणि हवा तरीही येत असेल, तर शाफ्टकडे, म्हणजे मोटरीतून इम्पेलरकडे जाणाऱ्या दांड्याकडे, वळा. मोटर आणि पंप यांच्या मधल्या जागेतून पंप बंद असताना पाणी ठिबकत असेल तर मेकॅनिकल सील गेलं आहे, आणि चालू असताना तिथूनच हवा आत येऊ शकते. जुन्या पद्धतीच्या ग्लँड दोरीचं (सीलऐवजी शाफ्टभोवती गुंडाळलेल्या दोरीचं) उलटं असतं. तिथून थेंब थेंब पाणी पडत राहायलाच हवं, त्यानेच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. गळती दिसते म्हणून नट करकचून आवळणारे शाफ्टवर खाच पाडून ठेवतात, आणि मग कोणतीही दोरी तिथे टिकत नाही.

एक घड्याळ बसवून घ्या

पंपाच्या सक्शन तोंडाशी बऱ्याच वेळा एक छोटा आट्यांचा प्लग असतो. तिथे व्हॅक्यूम गेज, म्हणजे सक्शनमधला दाब किती कमी झाला ते दाखवणारं घड्याळ, बसवता येतं. वारंवार त्रास देणाऱ्या पंपावर यासारखी दुसरी गुंतवणूक नाही, कारण अंदाजाने सांधे सोडत बसण्याचं काम ते वाचवतं.

हिशोब असा. पाण्याचा १ मीटर म्हणजे पाऱ्याचे ७३.५ मिलिमीटर. पाणी पंपाच्या ५ मीटर खाली असेल तर गेजने ३७० च्या थोडं वर दाखवायला हवं, वरचा भाग घर्षणाचा. गेज याच्या खूप वर, ५५० च्या आसपास गेलं आणि पाणी कमी येतंय, तर जाळी तुंबलीय, पाइप आतून चोंदलाय किंवा पातळी फार खाली गेलीय. काटा खालीच थरथरत राहिला तर हवा शिरतेय किंवा पंपात पाणीच नाही. पंप चालताना काटा सावकाश चढत गेला आणि एकदम शून्याकडे कोसळला, तर पातळी उतरत उतरत फूटव्हॉल्व्ह उघडा पडला. चढला, वरच थांबला आणि पाणी मात्र बारीक झालं, तर गाळाने किंवा शेवाळाने जाळी भरतेय. पंप नीट चालत असतानाचा आकडा पंपाजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा, नाहीतर बिघडल्यावर तुलना कशाशी करणार?

पाइपाची मांडणीच चुकली असेल तर

काही पंप पहिल्या दिवसापासून त्रास देतात. तिथे दुरुस्ती करून उपयोग नसतो, मांडणी बदलावी लागते. विहिरीपासून पंपापर्यंतचा आडवा पाइप पंपाकडे किंचित चढता हवा. मध्ये कुठेही उंचवटा असेल तर तिथे हवेचा गोळा साचतो आणि तो पाणी भरून निघत नाही. पाइप भिंतीवरून, पायरीवरून उडी मारून नेलेला असेल तर तिथेच शोधा.

दुसरी चूक म्हणजे बारीक पाइप. सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा लहान कधीच नको, एक माप मोठा असला तर उत्तम. सेकंदाला १ लिटर पाणी २५ मिलिमीटरच्या पाइपातून जाताना वेग २ मीटरवर जातो, ३२ मिलिमीटरच्या पाइपातून तो सव्वा मीटरवर येतो. सक्शनमध्ये दीड मीटरच्या आत राहिलेलं चांगलं. काटकोनी एल्बो जितके कमी तितकं बरं.

पाणी येतं, पण पूर्वीसारखं नाही

इथे आधी मोजा. ठरावीक मापाची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघितल्याशिवाय "कमी येतं" याला अर्थ नाही. जाळी आणि गाळ वर आलेच. ते नसेल तर केसिंग उघडा. इम्पेलरच्या पात्यांमध्ये पानं, चिंध्या, प्लास्टिकची दोरी अडकलेली सापडते. पंपातून खडी खळखळल्यासारखा आवाज येत असेल आणि पात्यांवर बारीक खड्डे पडले असतील, तर सक्शनकडचा दाब इतका पडतोय की पाणी तिथेच उकळून बुडबुडे फुटतायत. अशा वेळी नवा इम्पेलर टाकला तरी तोही तसाच खाल्ला जाईल, आधी उंची, पाइप आणि जाळी बघा.

जेट पंपात पाणी आणि दाब दोन्ही कमी झाले तर नोझल तपासा. एक वाळूचा खडा पुरतो. तार घालून साफ करता येतं, पण भोक मोठं होऊ देऊ नका.

प्रेशर टाकी (हवेच्या दाबाने नळांना पाणी देणारी बंद टाकी) असलेल्या घरांची तक्रार निराळी असते: कोणताही नळ उघडा नसताना पंप रात्री आपोआप सुरू होतो. पाणी कुठेतरी मागे जातंय, म्हणजे नॉन-रिटर्न किंवा फूटव्हॉल्व्ह, नाहीतर घरातला एखादा गळका नळ किंवा फ्लश. टाकीपुढचा व्हॉल्व्ह बंद करून दाब धरला तर दोष घराकडे, तरीही उतरला तर विहिरीकडे. नळ उघडताच पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर टाकीतली हवा गेली आहे. पंप बंद करून टाकी रिकामी करा आणि हवा भरा, पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्यापेक्षा २ पीएसआय (दाब मोजायचं एकक) कमी. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणीच बाहेर आलं तर आतला फुगा फाटला आहे. पंप थांबायलाच तयार नसेल तर प्रेशर स्विचकडे जाणारी बारीक नळी गंजाने तुंबलेली आहे का, तेही बघून घ्या.

दुरुस्तीनंतर विहिरीचं पाणी

पाइप काढला, हात लावला, गाळ ढवळला, तर पिण्याआधी पाणी शुद्ध करून घ्या. ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम हे रूढ प्रमाण आहे. २ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी म्हणजे सुमारे ९४०० लिटर, त्याला २३ ते २४ ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचं पाणी विहिरीत ढवळून मिसळा आणि निदान तासभर थांबा. पंपात भरायचं पाणीही डबक्यातलं घेऊ नका, ते शेवटी विहिरीतच उतरतं.

आणि मोटर?

मोटरीचा दोष वेगळा ओळखू येतो. ती नुसती हूं करते आणि फिरत नाही, तर कपॅसिटर (मोटरीला सुरू व्हायला जोर देणारा, वीज साठवणारा भाग) गेलाय किंवा इम्पेलर जाम झालाय. वीज तोडा, मागचा पंखा हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर संशय कपॅसिटरवर. तो वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, त्यामुळे आधी रिकामा करायचा, आणि बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. पंखा हलत नसेल तर गंज किंवा कचरा, बरेच दिवस बंद असलेल्या पंपात हे नेहमीचंच.

मोटर चालून गरम होते आणि आपोआप थांबते, तर आधी चालू असतानाचं व्होल्टेज मोजून घ्या. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं की सुरू होतानाचा जोर ६४ टक्केच उरतो. आणखी एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सेंट्रिफ्यूगल पंप पाणी कमी उंचीवर, मोकळं सोडताना जास्त करंट घेतो, उंचावर चढवताना कमी. चौथ्या मजल्यासाठी घेतलेला पंप अंगणातल्या टाकीला जोडला तर काम हलकं झालं असं वाटतं आणि मोटर मात्र जळते. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळला की करंट खाली येतो, अँपिअर मोजून हवा तेवढा आवळा.

थ्री-फेज पंप रिवाइंड होऊन आला असेल किंवा वायरिंगला हात लागला असेल, तर केसिंगवरच्या बाणाशी फिरण्याची दिशा जुळवून बघा. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी देतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही आणि सगळे फूटव्हॉल्व्ह बदलत बसतात. तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा सरळ होते.